दुकानावरची घरे

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला, तेव्हापासून पेठांमधील वाहनांचा वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, असे व्यापारी म्हणतात. पादचाऱ्यांची बाजू मांडणारे युरोपातील शहरांचा दाखला देतात. अशाच एका शहरात, आयर्लंडमधील नोर नदीकाठच्या किल्केनीत, मी राहते. या दाखल्याची अर्धीच बाजू पुण्यात सांगितली जाते, असे मला वाटते.

ती अर्धी बाजू खरी आहे. किल्ल्यापासून सेंट कॅनिस कॅथेड्रलपर्यंतचा गावाचा सगळा कणा रमतगमत पायी पार करता येतो. वाटेत हाय स्ट्रीटवर १७६१ सालची थोल्सेल ही नगरसभेची इमारत आहे; तिच्या कमानींखालूनच पदपथ जातो, त्यामुळे पावसात लोक तिथे सहज थबकतात आणि बोलू लागतात. बटर स्लिपसारखे अरुंद बोळ एका रस्त्यावरून दुसऱ्यावर उतरवतात. किल्ल्यासमोरच्या परेडवर गुरुवारी बाजार भरतो. ऑर्मंड घराण्याने १९६७ साली अवघ्या ५० पौंडांना शहराला देऊन टाकलेला हा किल्ला आज सरकारी देखभालीखाली आहे आणि त्याच्या विस्तीर्ण बागेत कोणीही मोफत जाऊ शकते.

मात्र दुकाने बंद झाल्यावर याच रस्त्यावर मान वर करून पाहिले, तर दुकानांवरच्या मजल्यांतील कितीतरी खिडक्यांत दिवा दिसत नाही. पार्लमेंट स्ट्रीटवरचे रोद हाउस पाहिले की ही उणीव अधिकच बोचते. जॉन रोद या व्यापाऱ्याने १५९४ साली पुढे दुकान आणि वर राहते घर असा हा वाडाच बांधला. कुटुंब वाढत गेले तसे त्याने मागे आणखी दोन घरे उभारली, आणि त्यांच्यामध्ये फरसबंद चौक ठेवले. पेठेत वाढलेल्या माणसाला ही रचना कोणी समजावून सांगावी लागत नाही. आज तिथे संग्रहालय आहे, आणि ते उत्तम राखलेले आहे, पण तिथे आता कोणी राहत नाही.

आयर्लंडच्या गावांतून वरचे मजले का ओस पडले, याची कारणे अगदी साधी आहेत. दुकानाचा दर्शनी भाग रुंद करताना वर जाणारा वेगळा दरवाजा आणि जिना गिळला गेला. जुन्या इमारतीला आगीपासून सुरक्षित करणे महाग पडू लागले. गावाबाहेर अंगण आणि गाडीला जागा असलेली घरे मिळू लागली. घरांची एवढी टंचाई असलेल्या या देशात २०२२ च्या जनगणनेत, सुटीची घरे वगळून, १,६६,००० हून अधिक घरे रिकामी आढळली. आता सरकार रिकामे घर राहण्याजोगे करायला ५० हजार युरोपर्यंत, आणि ते मोडकळीस आले असेल तर ७० हजार युरोपर्यंत अनुदान देते. म्हणजे दुकानावर राहणे, जे पूर्वी आपसूक होते, ते आता सार्वजनिक पैसा ओतून परत आणावे लागत आहे.

पुण्याच्या पेठांमध्ये ते अजून आहे. गळकी कौले, सामायिक संडास आणि पावसाळ्यात भिंत कोसळण्याची भीती यांचे उदात्तीकरण मला करायचे नाही; वाडे दुरुस्त व्हायलाच हवेत आणि जिथे इलाज नाही तिथे नवी इमारतही व्हायला हवी. परंतु वाडा पाडून जे उभे राहते, त्याच्या तळमजल्यावर ओट्याऐवजी आणि दुकानाऐवजी मोटारी लावायची खांबांमधली जागा येते, आणि वरचे फ्लॅट हळूहळू कार्यालये नि गोदामे होतात, याकडे वाहनांच्या वादात दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. खरेदीला येणाऱ्याची गाडी कुठे लावायची, यावरच सगळे भांडण चालते. वर राहणारी आजी दूध आणायला कशी उतरते, हा विषयच निघत नाही.

म्हणून रस्ता वाहनमुक्त करण्याची मागणी करणाऱ्यांनी त्याच अर्जात आणखी दोन गोष्टी मागाव्यात: लहान वाड्याच्या पुनर्बांधणीत मोटारींसाठी जागा सोडण्याची सक्ती नसावी, आणि जुन्या भाडेकरूला त्याच जागी परवडणारे घर मिळेल याची हमी असावी.