शंभर बैठकांनी खुबा मोकळा होत नाही

पोलीस भरतीचे दिवस आले की आमच्या यवतमाळकडच्या गावांत एक मेसेज फिरतो: ‘जांघेत कळ येते म्हणजे नस दबली. चोळून घ्या, रोज १०० बैठका मारा, खुबा मोकळा होतो. डॉक्टरकडे गेलात तर सांधाच बदलतील.’ मी तालुक्याला फिजिओथेरपी करते. हा मेसेज पाळून लंगडत आलेली पोट्टी पाहिली की जीव तुटतो.

आधी नस. नस दबल्याची, म्हणजे सायटिकाची, कळ बहुधा कुल्ल्यातून पायाच्या मागच्या बाजूनं उतरते. ही कळ पुढं, जांघेच्या घडीत असते. कुठं दुखतं विचारलं तर पोरगा बोट ठेवत नाही; अंगठा मागं, बोटं पुढं, असा पंजानं खुबाच धरून दाखवतो. याला डॉक्टर ‘हिप इम्पिंजमेंट’ म्हणतात: मांडीच्या हाडाचा गोळा मानेपाशी, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागापाशी, पुरता गोल नसतो, नाहीतर तो ज्या वाटीत बसतो तिची कड जास्त पुढं आलेली असते. गुडघा छातीकडं नेऊन पाय आत वळवला की हाडावर हाड टेकतं आणि वाटीच्या कडेची कूर्चा मधे चिमटते. चोळून हाडाचा आकार कसा बदलेल?

बैठकांचा सल्ला तर सगळ्यात वाईट. खोल बैठकीत खुबा नेमका त्याच कोनात जातो, तोही शंभरदा. काही आठवडे खोल बैठका, उकिडवं बसणं आणि ओढून ताणणं थांबवा. निंदणाला गुडघे टेकवून बसा. भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव कमी करा. उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर उचलणं, कुशीवर पडून वरचा पाय उचलणं, हे निदान तीन महिने नेमानं करा. कुल्ल्यात ताकद आली की बहुतेकांचं दुखणं उतरतं.

सांधा बदलण्याची भीतीही खोटी. व्यायामानं भागलं नाही तर दुर्बिणीतून हाडाचा उंचवटा घासतात, कूर्चा शिवतात. ब्रिटनमध्ये ३४८ जणांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानं ऑपरेशनवाले थोडे पुढं होते, पण व्यायामवालेही सुधारले होते. आणि नुसत्या एक्स-रेत उंचवटा दिसला, दुखत काहीच नाही, तर उपचार लागत नाही. असे खुबे कितीतरी असतात.

मेसेजात नसलेली गोष्ट मला जास्त सतावते. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. भरतीच्या धावण्यानं मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडाही जाऊ शकतो. रात्री ठणकत असेल, पायावर भार देववत नसेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना गाठा. सिकलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा.