बाथरोबच्या टोपीला नाडी नाही, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की तीन वर्षांच्या मुलासाठी बदकाच्या टोपीचा टेरी (टॉवेलच्या कापडाचा) बाथरोब मागवला. फोटोत टोपीला गोंड्याची नाडी होती, डोळे चमकदार बटणांचे होते. हातात आला त्याला नाडी नाही, डोळे साध्या धाग्याचे, आणि कमरेचा पट्टा मागे शिवून टाकलेला. दुकानात फोन केला तर ‘नियम आहे’ एवढंच सांगून फोन ठेवला. पैसे वाचवायला नाडी काढली आणि नियमाचं नाव पुढे केलं, असं तुमचं म्हणणं आहे. भारतात असा कुठला नियम आहे, तेही विचारलंय.

फोटोची चूक पूर्णपणे आमची. तो जुन्या लॉटचा होता. माल बदलला, फोटो बदलायचा राहून गेला. दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, तर गिऱ्हाईक चिडणारच. काल रात्री तो फोटो काढून आत्ताच्या मालाचा टाकलाय. फोनवरही तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो. पण नाडी पैशासाठी काढली, हे मात्र खरं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं युनिट सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. दुकानात थोडा माल विकतो, बाकीचा एका निर्यातदारासाठी शिवून देतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडून 600 पीस परत आले. कारण एकच, टोपीत नाडी. युरोपमध्ये ईएन 14682 नावाचं मानक आहे, त्यात 7 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी नाडी चालतच नाही. आम्ही सगळे दोन रात्री उसवत बसलो होतो. टेबलाखाली नाड्यांचा ढीग, गोंडे पायात येत होते, आणि मी बडबडत होतो की हे सगळे परदेशी लोकांचे नखरे.

मग त्यामागचं कारण वाचलं. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला, जिथे पत्रा आणि कठडा जोडलेले असतात, तिथे बारीक फट असते. नाडीची गाठ किंवा गोंडा त्या फटीत अडकतो, मूल खाली सुटतं आणि टोपीची नाडी गळ्याला आवळते. कमरेची लांब नाडी स्कूलबसच्या दारात अडकून मुलं ओढली गेली आहेत. अमेरिकेत जॅकेट, स्वेटशर्टसारख्या कपड्यांसाठी याबद्दल 1996 मध्ये सूचना निघाल्या, 1997 मध्ये मानक आलं, 2011 मध्ये नियम झाला. मानक आल्यावर टोपी-गळ्याच्या नाडीमुळे होणारे मृत्यू 75 टक्क्यांनी घटले, असं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलंय.

हे वाचताना मला आमचं पूर्व भागातलं जुनं घर आठवलं. पुढे लूम, मागे राहायच्या खोल्या. लूमच्या पट्ट्याजवळून जाताना आजी आईला पदर खोचायला लावायची, बहिणींना वेणी वर बांधायला लावायची. कुणी विसरलं तर हातातलं काम टाकून ओरडायची. लोंबतं कापड माणसाला ओढून नेतं, हे लूमवाल्याच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. तरी मुलांचे कपडे शिवताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि एक गोष्ट इथेच कबूल करतो. ते 600 पीस परत आल्यावर बाहेरच्या ऑर्डरीत नाडी बंद केली, पण इथल्या दुकानात पुढची दोन वर्षं नाडीचाच माल विकला. गोंडा बघून गिऱ्हाईक हात लावतं, म्हणून. बाहेरच्या मुलांना एक आणि सोलापूरच्या मुलांना दुसरं, हे मी जाणूनबुजून केलं. त्याची मला लाज वाटते. तुम्ही पाहिलेला फोटो त्याच काळातला.

आता तुमचा प्रश्न. आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बाथरोब हे खेळणं नाही, त्यामुळे त्या आदेशाचा आधार मी घेणार नाही. नाडी मी युरोप-अमेरिकेच्या मानकांवरून काढली, इथल्या कायद्याने लावलं म्हणून नाही. म्हणजे ‘नियम आहे’ हे आमच्या दुकानातल्या मुलाचं फोनवरचं उत्तर अर्धवटच होतं, आणि तुम्ही बरोबर पकडलंत.

डोळ्यांचं मात्र खेळण्यांच्या मानकावरूनच घेतलं. त्यात 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटा होणारा तुकडा त्या नळीत मावला, तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. आमची बटणं त्या नळीत सहज जात होती. पट्टा मागे शिवलाय तो यासाठी, की मुलाने एक टोक ओढलं तरी सगळा पट्टा लांब दोरीसारखा एका बाजूला येऊ नये. खर्चाचं म्हणाल तर नाडी-गोंड्याचे सहाएक रुपये वाचतात, पण टोपी डोक्यावर बसावी म्हणून घातलेल्या दोन चुण्या आणि डोळ्यांचं भरतकाम यात त्याहून जास्त जातात.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर घालायला घेतला, असंही तुम्ही लिहिलंय. ते वाचून काळजी वाटली. सुती टेरीची लव उभी असते, तिला ज्योत लागली की आग पटकन पसरते. अमेरिकेत मुलांचे असे बाथरोब याच कारणाने बाजारातून परत मागवले गेले आहेत. आमच्या लेबलवर ‘आगीपासून दूर’ लिहिलंय, पण अक्षर बारीक आहे, पुढच्या लॉटला मोठं करतो. कृपा करून, बाथरोब उतरवून अंगावर साधा कपडा घातल्याशिवाय बाळाला पणतीजवळ किंवा फुलबाजीजवळ नेऊ नका.

नाडी वेगळी लावून द्या, असं तुम्ही सुचवलंय. ते मी करणार नाही, माफ करा. बाथरोब नको असेल तर वापरलेला असला तरी परत पाठवा. पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचं कुरिअर आमच्याकडून.

ज्यांनी आमच्याकडून आधी नाडीवाला बाथरोब घेतलाय, त्यांनी तो दुकानात आणून द्यावा, बसल्या जागी फुकट नीट करून देतो. बाहेरगावी असाल तर घरीच करा. एका टोकाचा गोंडा कापा, दुसऱ्या टोकाने नाडी पूर्ण ओढून काढा, मग दोन्ही काजं आतून चार टाके घालून बंद करा. बटणाचे डोळे असतील तर तेही कापून टाका आणि लगेच मुलाच्या हाताबाहेर ठेवा.