रंध्याला जाताय? आधी रतनवाडीला जा

डिसेंबरात रंधा धबधबा बघून आलेली मंडळी हमखास वैतागलेली असतात. "एवढं पेट्रोल जाळलं आणि कड्यावरून नुसत्या दोन धारा!" अहो, ती प्रवरा आहे. वर शेंडी गावाला तिला भंडारदरा धरणाची भिंत आडवी आहे, शिवाय पाणी वळवून खाली कोदणीला वीज करतात. पावसाळा सरला की रंध्याने कधी गर्जायचं हे ढगांच्या नाही, जलसंपदा खात्याच्या हातात. धरणाच्या पायथ्याचा छत्रीसारखा अम्ब्रेला फॉल तर निव्वळ धरणाच्या मोरीचं पाणी! व्हॉल्व्ह बंद, छत्री बंद.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, रंधा एकटा बघूच नका. आधी रतनवाडी गाठा. नदी तिथल्या रतनगडावरून निघते. पायथ्याच्या अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात पावसाळ्यात पाणी भरतं, पिंड पार बुडते. वाकून बघितलं तर काळ्या पाण्यावर तरंगणारा बेल तेवढा दिसतो. बाहेर खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली. मग जलाशयाच्या कडेकडेने या. सह्याद्रीच्या त्या काळ्या भिंतीवरून किती धारा उतरतात, मोजायला जाऊ नका, निम्म्यांना नावंही नाहीत. ते सगळं पाणी १९२६ साली पुरं झालेल्या या धरणात येतं. क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. एवढं बघून रंध्याच्या कठड्याशी उभे राहा. चष्म्यावर तुषार उडतील तेव्हा ते कुठून आले हे ठाऊक असेल.

आपण मात्र या खोऱ्याचे 'स्पॉट' पाडले. फोटो, मॅगी, परत कसारा घाट. हेच पाणी पुढे लोणी-श्रीरामपूरच्या उसाला जातं. त्या उसावर कारखाने उभे राहिले, माणसं आमदार-खासदार झाली. आणि जिथे छत्री उलटी होईस्तोवर पाऊस कोसळतो, त्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन झऱ्याला जातात. याला काय म्हणावं? धरण नको होतं असं मी म्हणत नाही, खालच्या शेतकऱ्याचंही पोट त्यावरच आहे. पण इथल्या पर्यटन आराखड्यात पहिलं कलम वाड्यांच्या उन्हाळी पाण्याचं असावं. काचेचे पूल आणि सेल्फी पॉइंट मागाहून.

आणि हो, 'भंडारदरा ओव्हरफ्लो'ची बातमी वाचून लगेच रविवारी निघू नका. शेंडीच्या चौकात गाड्यांच्या रांगेपलीकडे काही दिसायचं नाही.