दोन्ही बाजूंनी सरळ

पठाणकोटहून चंबा जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे, असे मी घरी सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र हिमाचलातला किलोमीटर सरळ कधीच जात नसल्यामुळे, बनीखेत मागे पडेपर्यंत हिची आवळासुपारी संपली आणि माझ्या भूगोलाचाही उद्धार झाला. पुढे रावीकाठच्या त्या गावात, बर्फापासून बचाव व्हावा म्हणून डोक्यावर लाकडी छत्र्या घेऊन उभी असलेली लक्ष्मीनारायणाची शिखरमंदिरे पाहून ही बरीच निवळली. 1908 साली उघडलेल्या भूरी सिंह संग्रहालयातही सारे शांततेत पार पडले. खरी कसोटी बाजारात होती.

कापड कोणतेही असो, आधी ते उलटून पाहायचे, हा आमच्या घरचा कायदा आहे. मागच्या गाठी, लोंबते धागे आणि सुटलेले टाके बोटाने दाखवून हिने लक्ष्मी रस्त्यावरच्या भल्याभल्या दुकानदारांना नमवले आहे. चंब्याचा भरतकाम केलेला रुमालही हिने सवयीने उलटला, तर मागे तेच रासमंडल, त्याच गोपी, तेच रंग! गाठ औषधालासुद्धा नाही. हिने तो पुन्हा उलटला; पुन्हा तेच. संसारात प्रथमच ही निरुत्तर झालेली मी पाहत होतो आणि (हे तेथे बोललो नाही) मला फार बरे वाटत होते.

भरतकाम करणाऱ्या बाईंनी मग समजावून सांगितले, की चित्रकाराने मलमलीवर कोळशाने रेखाटन करायचे आणि त्यावर पीळ न दिलेल्या रेशमाचा दोरुखा टाका असा घालायचा, की दोन्ही अंगे एकाच वेळी भरत जातात. पूर्वी लग्नात एकमेकांना पाठवायच्या भेटींच्या ताटांवर हे रुमाल झाकत. कुरुक्षेत्राचे युद्ध भरलेला असा एक रुमाल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. किंमत ऐकून मला वाटले, तो तेथेच बरा आहे.

"दोष सापडला नाही तर घासाघीस करायची नाही," हे तत्त्व हिने नेमके तेव्हाच जाहीर केले. उरलेल्या पैशांत आम्ही भात आणि दह्यात शिजवलेला राजम्याचा मदरा जेवलो. सोबतच्या मिरचीच्या चुखाने माझ्या डोळ्यांत पाणी आणले, तर ठेच्यावर वाढलेल्या हिने त्याची बरणीच बांधून घेतली.

रुमाल घरी आला, पण तो लावायचा कसा? चौकट केली तर एक बाजू भिंतीकडे जाणार, म्हणजे निम्मे पैसे पाण्यात, असे हिचे म्हणणे आहे. तेव्हा दोन्हीकडून काच लावून तो बैठकीच्या मधोमध टांगण्याचे ठरले असून, तेथला पंखा कोठे हलवता येईल याची चौकशी करण्यासाठी मला इलेक्ट्रिशियनकडे पिटाळण्यात आले आहे.