गाडीचे रूळ आणि पार्कची मागची बाजू एकत्रच आखा

पुण्याजवळच्या थीम पार्कमध्ये उंचावरून फिरणारी गाडी हवी, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण तिच्या खिडकीतून काय दिसणार, यावर एक ओळही नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

मागे एका पार्कात लेकीला घेऊन अशाच गाडीत बसले होते. वळणावर गाडी स्वयंपाकघराच्या मागून गेली. तेलाचे रिकामे डबे, धडधडणारा जनरेटर, आणि अस्वलाच्या सोंगाचं मुंडकं मांडीवर ठेवून घाम पुसणारा एक मुलगा. लेक एकदम गप्प झाली. त्या मुलाची काय चूक? त्याला आडोशाला बसायला जागाच ठेवली नव्हती.

डिस्नीलँडने १९५५ मध्येच, बाहेरचं आत दिसू नये म्हणून, पार्कभोवती मातीचा बांध घातला आणि आगगाडी त्यावरूनच नेली. डिस्नीच्याच फ्लोरिडातल्या मॅजिक किंग्डम पार्कमध्ये भूजल वर असल्याने खोल खणता येईना, म्हणून कर्मचाऱ्यांचे नजरेआड ये-जा करायचे बोगदे जमिनीच्या पातळीवर आणि पार्क त्यांच्या डोक्यावर बांधला. उंचावरच्या गाडीला मात्र बांध पुरत नाही, तिच्यातून छपरंसुद्धा दिसतात. तेव्हा गोदामं, कचऱ्याची जागा, मालाच्या टेम्पोंचा रस्ता हे सगळं रुळांबरोबरच नकाशावर यायला हवं. मागाहून पत्रे ठोकून भागत नाही. आणि झाडं पहिल्याच पावसाळ्यात लावा, आडोसा धरायला त्यांना बरीच वर्षं लागतात.