बाबांचा चष्मा आणि कंपनीचा फॉन्ट

आज सकाळी बाबा धुऱ्यावर उभे राहून चष्मा पुसत होते. एकदा पुसला, मग दुपट्ट्याचं दुसरं टोक घेऊन परत पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या दिवाळीतच झालंय. मला म्हणाले, "पाह्य बरं, मले तं काहीच नाई दिसून रायलं."

डोळ्यांना काही झालं नव्हतं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा क्यूआर स्कॅन केला होता, कारण आतल्या कागदावरचं अक्षर मुंगीएवढं. पान उघडलं, वर कपाशीचा फोटो आणि खाली नुसतं पांढरं.

मी तालुक्याला नऊ वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची अक्षरजुळणी केलीय, म्हणून ते पान आतून उघडून पाहिलं. कंपनीनं स्वतःचा खास फॉन्ट करून घेतलाय. साध्यापासून अतिठळकपर्यंत चार फाइली. देवनागरीची फाइल तशीही इंग्रजीपेक्षा जड, जोडाक्षरांचे आकार वेगळे भरावे लागतात. फॉन्ट आला नाही तर ब्राउझर सहसा तीनेक सेकंद थांबतो आणि फोनमधल्या फॉन्टात मजकूर दाखवतो. यांनी तीही वाट बंद केली: फॉन्ट उतरल्याशिवाय अक्षर दाखवायचंच नाही! आमच्या शिवारात रेंजची एक कांडी असते हो.

बाबांना पाहायचं काय होतं? पंपाला किती मिली, एवढंच. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आणि प्रमाणाची ओळ तुम्ही वळणदार अक्षरासाठी अडवून धरता? लाज वाटली पाहिजे.

ब्रँडला ओळख लागते, मान्य. ती वरच्या नावात दाखवा ना. खालच्या मजकुराला गूगलचा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट बहुतेक अँड्रॉइड फोनांत आधीच असतो. वेगळाच पाहिजे तर 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' फॉन्ट फुकट मिळतो. आणि आपलाच फॉन्ट लावायचा तर ती अडवणूक काढा आणि पानाच्या कोडमध्ये 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' एवढी एक ओळ घाला, आधी मजकूर दिसेल, फॉन्ट मागून येईल.

रात्री पारावर पान पूर्ण उतरलं. मथळा 'शेतकऱ्यांसाठी'. 'शेतक' जाडजूड, 'साठी' जाडजूड, मधलं 'ऱ्यां' मात्र फोनच्या बारीक अक्षरात. त्यांच्या फॉन्टात आपला ऱ्य नाहीच! ज्यांच्यासाठी पान केलं त्यांचं नावही धड लिहिता येत नाही.

पूर्वी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की किडेमुंग्या दिसायच्या. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं युनिकोड आलं तेव्हा किती हायसं वाटलं होतं मला.

जेवताना बाबांनी परत विचारलं, "डोये दाखवा लागते का डॉक्टरले?" मी म्हटलं, नाही बाबा, डोळे चांगले आहेत तुमचे. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. दुपारी कृषी केंद्रवाल्याला फोन लावून त्यांनी प्रमाण विचारून घेतलं आणि कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं. वीतभर अक्षर. दारातूनही वाचता येतं.