विहिरीतल्या ‘माणकां’चा मेसेज पुढे पाठवू नका

‘यावलकडे विहीर खोदताना माणकं सापडली, सातपुड्याच्या पोटात खडक वितळतोय, उनपदेवचं गरम पाणी हा त्याचाच पुरावा’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. तो चुकीचा आहे.

फोटो नीट मोठा करून बघा. काळे-पांढरे पट्टे, पांढऱ्या पट्ट्यात लाल दाणे. ते माणिक नाही, गार्नेट नावाचं दुसरंच लाल खनिज आहे आणि तो खडक मिग्मटाइट, म्हणजे थोडासा वितळून पुन्हा थिजलेला खडक आहे. जमिनीखाली वीसेक किलोमीटर किंवा त्याहून खोल, साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला जुना रूपांतरित खडक थोडासाच वितळतो. काळा अभ्रक फुटतो, त्यातलं लोह-मॅग्नेशियम घेऊन गार्नेट वाढतं आणि वितळलेला भाग थिजून पांढरा पट्टा होतो. म्हणूनच लाल दाण्याभोवती पांढरी किनार दिसते. असे खडक ओडिशा-आंध्रच्या पूर्व घाटात उघड्यावर आहेत.

आपल्या जळगावकडच्या विहिरींत जो खडक लागतो तो काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात हे खरंच. त्यातलंच जळगावचं ॲपोफिलाइट हे खनिज जगभरच्या संग्रहांत आहे. पण ते पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून बनलं, खडक वितळून नव्हे. चाकूच्या टोकाने त्यावर चरा उठतो, गार्नेटवर उठत नाही.

उनपदेवच्या झऱ्याचं पाणीही भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं; त्याला वितळलेला खडक लागत नाही.

या मेसेजपायी कुणी आपली विहीर फोडायला निघू नये, एवढीच काळजी वाटते. भाऊ-ताईंनो, तो ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथून काढा आणि तिथेच हा खुलासा टाका.